ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोड रिव्ह्यूची पद्धत कशी ठरवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं मिळून देवनागरी मजकुरात शोध घेणारी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. तिघांच्याही नोकऱ्या आहेत, त्यामुळे रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून तपासणं, होतो तो रात्री जेवणं झाल्यावर, नाहीतर रविवारी. नवा प्रकल्प सुरू करणारी मंडळी आम्हाला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. मोठ्या प्रकल्पांची उदाहरणं भरपूर दिली आहेत, पण ती समजून घेण्यासाठी. जशीच्या तशी उचलू नका.

गिटहब या संकेतस्थळावर रेपो (प्रकल्पाचा कोड) टाकला की पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) येतातच. मग पद्धत वेगळी ठरवायची कशाला?

पीआर म्हणजे नुसतं दार. आत आलेला कोड कोण बघणार, किती जणांचा होकार पुरे, किती दिवसांत उत्तर द्यायचं, मर्जचं (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचं) बटण कोणी दाबायचं, यातलं काहीच गिटहब ठरवून देत नाही. तुम्ही ठरवलं नाहीत तर सवयीने ठरतं. आणि सवय बहुधा अशी पडते की जो मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) रात्री जागा असतो तोच सगळं बघतो, आणि वर्षभरात कंटाळून गप्प होतो.

साधनांची तुलना करत बसण्याआधी एक हिशेब मांडा: आठवड्याला रिव्ह्यूसाठी सगळ्यांचे मिळून किती तास आहेत? आमच्याकडे बरा आठवडा असेल तर पाच. कोड लिहून देणारे मिळतात, वाचणारे मिळत नाहीत. खालची बहुतेक उत्तरं या एका आकड्यावरून निघाली आहेत.

मी एकटाच मेंटेनर आहे. माझा कोड कोणाकडून तपासून घेऊ?

कोणाकडूनच नाही, आणि त्यात कमीपणा नाही. स्वतःच्या बदलासाठीही ब्रँच (कोडची वेगळी फांदी) काढा, सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवा होऊ द्या आणि मध्ये एक रात्र जाऊ द्या. सकाळी डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) ब्राउझरमध्ये वाचा. ज्या एडिटरमध्ये लिहिलं तिथेच वाचलं तर डोळा तीच चूक पुन्हा ओलांडून जातो.

‘किमान एक अप्रूव्हल हवं’ ही सेटिंग मात्र लावू नका. गिटहबवर स्वतःचा पीआर स्वतःला अप्रूव्ह करता येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी ॲडमिनच्या अधिकाराने नियम मोडून मर्ज करावं लागेल. रोज मोडायचा नियम असण्यापेक्षा नसलेला बरा.

बाहेरचे बदल घेतलेच पाहिजेत असंही नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसचा सोर्स सगळ्यांना खुला आहे, सार्वजनिक मालकीचा आहे, तरी ते बाहेरचे पॅच सहसा घेत नाहीत. तसं करायचं तर रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) स्पष्ट लिहा, म्हणजे कोणाचा शनिवार-रविवार वाया जाणार नाही.

लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) अजून ईमेलवरच रिव्ह्यू करतं. जुनाट नाही का ते?

बाहेरून तसं वाटतं. पण गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, जन्मालाच आलं ते कर्नलच्या या कामासाठी, एप्रिल २००५ मध्ये. बदल कमिट करायचा (गिटमध्ये नोंदवायचा), ‘गिट फॉरमॅट-पॅच’ने त्याची पत्रं बनवायची, ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्टला विचारून त्या भागाचे मेंटेनर कोण ते बघायचं आणि ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवायचं. उत्तर ओळीच्या खाली ओळ असं येतं. पटलं की रिव्ह्यूअर ‘रिव्ह्यूड-बाय’ची ओळ देतो आणि ती कमिटमध्ये कायमची राहते. पुढे भागाभागाचे मेंटेनर आपापली ब्रँच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात. दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल घेण्याची मुदत), मग आरसी (रिलीजआधीच्या चाचणीच्या) आवृत्त्या, साधारण नऊ-दहा आठवड्यांनी रिलीज.

या पद्धतीत एक गोष्ट फार चांगली आहे, आणि ती ईमेलशिवायही उचलता येते: मोठा बदल बारा छोट्या पॅचच्या मालिकेत येतो, सुरुवातीला हेतू सांगणारं पत्र असतं, आणि प्रत्येक पॅच एकेकटा वाचता येतो. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो तो इथे.

तोटाही उघड आहे. नवख्याला मेल क्लायंट सरळ करण्यातच अर्धा दिवस जातो. जीमेलच्या वेब खिडकीतून पॅच चिकटवला की टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही. गिटचा स्वतःचा विकासही ईमेलवरच चालतो, पण त्यांच्याकडे ‘गिटगिटगॅजेट’ आहे. ते गिटहबवरच्या पीआरची पत्रं करून पाठवतं. असे पूल बांधावे लागतात यावरून काय ते ओळखा. तुमच्याकडे भागाभागाचे मेंटेनर नसतील तर या वाटेला जाऊ नका.

गेरिट काय प्रकरण आहे?

अँड्रॉइडसाठी गूगलमध्ये तयार झालेलं रिव्ह्यूचं साधन. क्रोमियम, गो, क्यूटी, लिबरऑफिस, ओपनस्टॅक अशा मोठ्या प्रकल्पांनी वापरलेलं. इथे ब्रँच नाही, एक कमिट म्हणजे एक रिव्ह्यू. सूचना आल्या की नवं कमिट जोडायचं नाही. तेच कमिट सुधारून पुन्हा ढकलायचं, आणि ‘चेंज-आयडी’वरून गेरिट ओळखतं की ही त्याच बदलाची पुढची आवृत्ती. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत नेमका फरक काय हे तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं पीआरमध्ये दिसत नाही.

मतं −२ ते +२. गंमत अशी की दोघांनी +१, +१ दिलं म्हणून +२ होत नाही. +१ म्हणजे ‘मला ठीक वाटतं, पण जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी’. −२ म्हणजे अडवलं; देणाऱ्याने काढेपर्यंत बदल पुढे सरकत नाही. ‘ठीक वाटतं’ आणि ‘मी जबाबदार’ यांतला हा फरक पीआरवरच्या हिरव्या खुणेत हरवतो.

पण सर्व्हर तुम्हालाच चालवावा लागतो, आणि नव्या माणसाला कमिट सुधारण्याची सवय नसते. गो प्रकल्पानेही शेवटी गिटहबवर आलेले पीआर बॉटकरवी गेरिटमध्ये उतरवून घ्यायला सुरुवात केली. तीन माणसांच्या प्रकल्पाला गेरिट म्हणजे घरच्या वरणभाताला केटरर.

मग सरळ पीआर?

बहुतेकांसाठी हो. कारण रुक्ष आहे: येणाऱ्याला ते आधीच येतं. गिटहब नको असेल तर गिटलॅब किंवा कोडबर्गवरही हीच रीत आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपांपैकी नोम २०१८ मध्ये गिटलॅबवर गेलं, केडीई २०२० मध्ये.

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचं उदाहरण मात्र नीट बघण्यासारखं आहे. कितीतरी वर्षं ते फॅब्रिकेटरवर रिव्ह्यू करायचे. मूळचं फेसबुकमधलं हे साधन, आणि त्यात एकावर एक रचलेले बदल छान सांभाळता येत. २०२१ मध्ये फॅब्रिकेटर बनवणाऱ्यांनी त्याची देखभाल थांबवली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एलएलव्हीएम पीआरवर आलं. रचलेल्या बदलांची सोय गेल्याची हळहळ अनेक जुन्या लोकांना होती आणि ती खरीच होती. पण कोणी वाली न उरलेल्या साधनावर कंपायलर किती दिवस बांधायचा? साधन निवडताना ‘हे कोण सांभाळतं आणि उद्या त्याने सोडलं तर जुने रिव्ह्यू बाहेर काढता येतील का’ हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

मर्जच्या आधीच रिव्ह्यू हवा का? नंतर चालत नाही?

चालतो. एलएलव्हीएममध्ये किरकोळ बदल जाणकार थेट टाकतात आणि लोक नंतर वाचतात. अट अशी की नंतर खरंच कोणीतरी वाचतं. आमच्याकडे कागदपत्रांतल्या दुरुस्त्या आणि टायपो थेट जातात, बाकी सगळं आधी.

किती जणांचा होकार घ्यावा?

तिघांच्या टीममध्ये एक. जिथे चूक महाग पडते त्या फाइलींसाठी दोन. कुठली फाइल कोणी बघायची ते ‘कोडओनर्स’ फाइलीत लिहिता येतं.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही गाजलेली चूक ज्या बदलातून आली तो ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री रेपोत गेला. त्याआधी दुसऱ्या एका माणसाने तो तपासला होता. लांबीची एक तपासणी राहिली, आणि एप्रिल २०१४ पर्यंत ते जगासमोर आलं नाही. म्हणजे रिव्ह्यू झाला होता, तरीही. आता ओपनएसएसएलमध्ये दोन होकार लागतात, आणि शेवटच्या होकारानंतर २४ तास थांबून मगच मर्ज होतं, वेगळ्या वेळेत जगणाऱ्यालाही हरकत घेता यावी म्हणून. दुसरा माणूस मिळत नसेल तर निदान हे थांबणं उचला, ते फुकट आहे.

एक सेटिंग विसरू नका: होकारानंतर नवा कोड ढकलला तर जुना होकार आपोआप रद्द व्हायला हवा. मूळ सेटिंगमध्ये तो तसाच राहतो.

सीआय हिरवा आहे, होकार आहे, तरी मर्ज केल्यावर मेन ब्रँच फुटते. का?

कारण दोन पीआर वेगवेगळे हिरवे होते, एकत्र नव्हते. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने जुन्या नावाने ते नव्या जागी वापरलं. गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही, बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) फुटतो.

रस्ट या भाषेच्या प्रकल्पाने यावर फार पूर्वी इलाज केला: रिव्ह्यूअर ‘आर+’ (म्हणजे मंजूर) लिहितो, मग बॉट तो बदल मेन ब्रँचवर लावून सगळ्या टेस्ट चालवतो, आणि पास झालं तरच मर्ज करतो. ओपनस्टॅकचं झूल हे साधन हेच काम समांतर करतं. गिटहबची मर्ज क्यू (अशीच मर्जची रांग) २०२३ पासून ऑर्गनायझेशनच्या सार्वजनिक रेपोंसाठी खुली झाली. दिवसाला दहा मर्ज होत असतील तर लावा. आठवड्याला दोन होत असतील तर ‘मर्जआधी ब्रँच ताजी हवी’ एवढी सेटिंग पुरे.

स्क्वॉश, रिबेस की मर्ज कमिट?

स्क्वॉश, म्हणजे सगळ्या कमिटचं मिळून एकच कमिट करणं. नवखे लोक ‘फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’, ‘आता नक्की’ अशी कमिट करतात. ती इतिहासात कशाला? ज्यांची कमिट खरंच एकेक वाचण्यासारखी असतात त्यांच्यासाठी रिबेस (एकेक कमिट तसंच मेन ब्रँचवर लावणं) उघडा ठेवा. यावर वाद घालण्यात आम्ही एक अख्खा रविवार घालवला आहे, तो परत मिळणार नाही.

पीआर केवढा असावा?

गूगलच्या प्रसिद्ध केलेल्या रिव्ह्यू मार्गदर्शिकेत १०० ओळी साधारण ठीक आणि १००० ओळी बहुधा फार मोठ्या, असा अंदाज दिला आहे. आमचा अनुभव तसाच. पण आकाराहून वाईट म्हणजे भेसळ: बग फिक्स, सोबत फाइलींची नावं बदललेली, सोबत फॉरमॅटिंग. एक ना धड भाराभर चिंध्या. असा पीआर आम्ही वाचत नाही, तोडून मागतो, आणि कुठून तोडायचा ते सांगतो. ‘लहान कर’ एवढंच म्हटलं की माणूस परत येत नाही.

रिव्ह्यूमध्ये नेमकं बघायचं काय?

मशीनला दिसत नाही ते. स्पेस, अर्धविराम, इम्पोर्टचा क्रम हे फॉरमॅटरवर (कोडची मांडणी सरळ करणाऱ्या साधनावर) सोडा; त्यावर माणसाने कॉमेंट लिहिली की दोघांचाही वेळ गेला.

आमच्याकडचंच एक उदाहरण. एका मुलीने चाळीस ओळींचा पॅच पाठवला: शोधाआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या जोडलेल्या प्रमाण रूपात आणायचा, म्हणजे ‘र’ अधिक नुक्ता असं लिहिलेलं आणि ‘ऱ’ असं एकच अक्षर लिहिलेलं जुळेल. बरोबर होतं. टेस्ट होत्या, सीआय हिरवा. रिव्ह्यूअरने टेस्टमध्ये एकच ओळ घालून बघितली. एका बाजूला ‘दुसऱ्या’, दुसऱ्या बाजूला एका जुन्या फाइलमधून उचललेलं ‘दुसर्‍या’. पडद्यावर दोन्ही सारखेच. टेस्ट लाल.

पहिल्या शब्दात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, यू+०९३१, त्याचा पाय मोडलेला. दुसऱ्यात साधा ‘र’, पाय मोडून पुढे झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला एक, पण युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत, म्हणून एनएफसी त्यांना हात लावत नाही. तिने दुसऱ्या आवृत्तीत सगळे जॉइनर काढून टाकले. त्यावर उत्तर गेलं: “मग ‘दर्‍या’चं ‘दर्या’ होईल. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र सापडेल.” तिसऱ्या आवृत्तीत तिने फक्त तो ठरावीक क्रम ओळखून त्याजागी ‘ऱ’ घातला, आणि दर्या-दऱ्याची टेस्ट स्वतःहून जोडली. मर्ज.

हे कुठलाही लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारं साधन) पकडत नाही. मराठी वाचणारा माणूसच लागतो. अशा तीन फेऱ्यांसाठी तास राखून ठेवायचे, म्हणून बाकीचं सगळं मशीनवर ढकलायचं.

उत्तर किती दिवसांत द्यावं?

जमेल तेवढंच कबूल करा, पण आकडा लिहा. आम्ही ‘दहा दिवस’ लिहिलं आहे. आधी ‘लवकरात लवकर’ लिहिलं होतं, म्हणजे काहीच नाही. सोबत आठवण कधी करायची हेही लिहा: कर्नलमध्ये किमान आठवडाभर थांबा म्हणतात, एलएलव्हीएममध्ये आठवड्याला एक पिंग शिष्टाचारात बसतो. आपल्याकडची मुलं पिंग करायला संकोचतात, ‘सरांना त्रास कशाला’ म्हणून. त्यांना लेखी परवानगी हवी असते.

घड्याळाचाही विचार करा. पुण्यातला कोणी उन्हाळ्यात रात्री दहाला पॅच पाठवतो तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ असतात. रिव्ह्यूअरने सगळ्या सूचना एकाच फेरीत दिल्या तर एका रात्रीत काम होतं. रोज एकेक दिली तर तोच पॅच आठवडा खातो.

रिव्ह्यूअर मिळतच नाहीत. काय करावं?

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पाकडे बघा. त्यांच्याकडे ‘कमिटफेस्ट’ असतो: ठरलेल्या महिन्यात नवा कोड लिहिणं बाजूला ठेवून साठलेले पॅच तपासायचे. आणि ज्याने पॅच दिला त्याने साधारण तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्याच्या एका पॅचचा रिव्ह्यू करावा अशी अपेक्षा असते. गावाकडे सावड घालतात तसं, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. नवख्याचा रिव्ह्यू कच्चा असतो, पण ‘पॅच लागला, बिल्ड झाला, कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणे चालला’ एवढं त्याने सांगितलं तरी मेंटेनरचा अर्धा तास वाचतो.

कडक रिव्ह्यू ठेवला की प्रकल्प सुरक्षित, बरोबर?

रेपोत जे येतं तेवढ्यापुरता. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड युटिल्स या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या साधनातला छुपा दरवाजा उघडकीला आला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरण्याची सोय) लॉगिन अर्धा सेकंद हळू का होतंय याचा छडा लावावासा वाटला म्हणून. मारक कोड टेस्टच्या बायनरी फाइलींत लपवला होता, आणि त्याला जागं करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. रिव्ह्यूअरने रोज गिट वाचलं असतं तरी ती दिसली नसती. त्याहून वाईट म्हणजे ज्या खात्यावरून हे झालं त्याने दोन-अडीच वर्षं चांगले पॅच देऊन मेंटेनरपद मिळवलं होतं, आणि थकलेल्या मूळ मेंटेनरवर इतर खात्यांवरून ‘फार हळू चाललंय’ म्हणून दबाव आणला जात होता.

आम्ही त्यानंतर दोन नियम केले: टारबॉल सीआयमध्येच, गिटच्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) बनणार, आणि बायनरी टेस्ट फाइल आली तर ती बनवणारी स्क्रिप्टही सोबत हवी.

अनोळखी पीआरवर सीआय आपोआप चालू द्यावा का?

पहिल्यांदा येणाऱ्याचा नाही, मेंटेनरने बघून परवानगी दिल्यावर. फुकटच्या सीआयवर क्रिप्टोची खाण चालवणारे पीआर येऊ लागले तेव्हा, २०२१ मध्ये, गिटहबने ही सोय आणली. आणि ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा सीआय सुरू करणारा ट्रिगर समजल्याशिवाय वापरू नका. त्यात तुमच्या गुप्त किल्ल्या उपलब्ध असतात. त्यातच परक्याचा कोड चालवलात तर घराची चावी पाहुण्याच्या हातात.

एआयने लिहिलेला कोड घ्यायचा?

जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये सरळ बंदी घातली. आम्ही घातली नाही, कारण ती राबवता येणार नाही. आमचा नियम: पाठवणाऱ्याला प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत समजावता आली पाहिजे. प्रश्नाला उत्तर म्हणून पुन्हा यंत्राचे चार परिच्छेद आले तर पीआर बंद. लिहिणाऱ्याला दोन मिनिटं लागलेला कोड वाचायला आमची चाळीस मिनिटं जातात, आणि आठवड्याला तास पाचच आहेत.

सीएलए (कोड देणाऱ्याशी करायचा हक्कांचा करार) सही करून घ्यावी का?

कंपनी मागे नसेल तर नको, नमनालाच घडाभर तेल होतं. कर्नलने एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या हक्कांवरून केलेल्या खटल्यानंतर, २००४ मध्ये, डीसीओ आणलं: कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची एक ओळ, म्हणजे ‘हा कोड देण्याचा मला हक्क आहे’ असं लेखी सांगणं. ‘गिट कमिट’ला एक पर्याय जोडला की झालं.

आलेला बदल घ्यायचा नाही. नाही कसं म्हणू?

लवकर म्हणा, आणि कारण सांगा. गप्प राहून पीआर आठ महिने लटकत ठेवणं हाही नकारच आहे, फक्त तो समोरच्याला रोज नव्याने मिळतो. आम्ही मागे असं लिहिलं होतं:

“पॅच नीट वाचला, चालवूनही बघितला. मोडी लिपीची सोय उपयोगी आहे यात शंका नाही. पण आमच्या तिघांपैकी कोणालाच मोडी वाचता येत नाही, म्हणजे उद्या यात बग आला तर आम्हाला कळणारही नाही. म्हणून हा भाग इथे घेत नाही. वेगळा प्लगइन केलात तर रीडमीमध्ये दुवा देतो, आणि त्यासाठी लागणारा हुक (प्लगइन अडकवायची जागा) या आठवड्यात उघडून देतो.”

प्लगइन झाला. हुक उघडायला आम्हाला आठवड्याऐवजी तीन लागले.